शरीराची काटकसर

"मी कांहींच खात नाहीं, तरी वजन उतरत नाहीं," ही तक्रार जेथें ऐकूं येत नाहीं असें सुशिक्षित घर आज विरळाच. तक्रार करणारी व्यक्ति बहुधा खरोखरच कष्टी असते. सकाळीं बिनसाखरेचा चहा, दुपारीं एक फुलका आणि काकडी, रात्रीं पेलाभर ताक, असा क्रम ती निष्ठेनें चालविते. पहिल्या पंधरवड्यांत तराजूचा कांटा झरझर खालीं येतो, मग मंदावतो, आणि पुढें महिना महिना एकाच आंकड्यावर हट्टानें उभा राहतो. अशा वेळीं घरांत दोन न्यायाधीश उपजतात. पहिला म्हणतो, "हें सारें थोतांड आहे. कोठें तरी चोरून खाणें चाललें असलें पाहिजे." 'एकादशी अन् दुप्पट खाशी' ही म्हण त्याच्या जिभेवर तयारच असते. दुसरा म्हणतो, "तुम्ही फार कमी खातां म्हणूनच वजन अडलें आहे. शरीर उपासाला भितें आणि असेल तें सांठवून ठेवतें. चार घास जास्त खा, म्हणजे वजन उतरूं लागेल." पहिला निवाडा कठोर, दुसरा गोड, आणि दोन्ही अर्धवट.

हा विषय वैद्यांचा. इतिहासाचा त्यांत काय संबंध, असें कोणी विचारील. संबंध असा कीं, माणसाला भुकेपेक्षां कमी खावयास घातलें असतां त्याच्या शरीरांत काय घडतें, हें ज्ञान कोणा एका विद्वानाला आरामखुर्चींत बसून सुचलेलें नाहीं. तें दुष्काळांत, महायुद्धांत आणि वेढलेल्या शहरांत गोळा झालें आहे, आणि त्याची किंमत माणसांनीं आपल्या अंगच्या मांसानें दिली आहे. त्या ज्ञानाची कथा समजून घेतल्यावांचून वरील दोन न्यायाधीशांपैकीं कोणाचें किती ऐकावें, हें ठरवितां येणार नाहीं.

वजन आणि अन्न यांचा हिशेब मांडण्याची हौस जुनी आहे. इटलींतील पदुआचा वैद्य सांतोरिओ हा तराजूला टांगलेल्या खुर्चीवर बसून जेवीत असे. खाल्लेलें अन्न, प्यालेलें पाणी, शरीराबाहेर पडलेला मळ, हें सर्व तो वर्षानुवर्षें तोलून पाही. पण जमाखर्चाचा मेळ कांहीं केल्या बसेना; आंत गेलेल्याचा मोठा भाग कोणास न दिसतां नाहींसा होई. ही तूट घाम आणि श्वास यांच्या वाटे अदृश्यपणें बाहेर पडते, असें अनुमान करून त्यानें १६१४ सालीं आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. या तुटीचें मर्म उकलावयास पुढें पावणेदोनशें वर्षें जावीं लागलीं. १७८३ च्या सुमारास फ्रान्समध्यें लाव्हाझिए आणि लाप्लास यांनीं एका गिनीपिगाला बर्फानें वेढलेल्या पात्रांत ठेविलें. त्याच्या अंगच्या उष्णतेनें किती बर्फ वितळतें आणि श्वासावाटे तो किती कर्बवायु सोडतो, याची त्यांनीं तुलना केली; आणि श्वसन म्हणजे एक प्रकारचें मंद ज्वलनच होय, असा सिद्धांत मांडला. प्राण्याचें शरीर ही एक तेवती समई आहे, अन्न हें तिचें तेल आहे, ही कल्पना तेव्हांपासून काव्यांतून निघून शास्त्रांत आली. ज्यानें ही ज्योत मोजली त्या लाव्हाझिएचें मस्तक १७९४ च्या मे महिन्यांत गिलोटिनखालीं गेलें, हा इतिहासाचा एक दुःखद योगायोग.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जर्मनींत माक्स रुब्नर यानें कुत्र्यावर, आणि अमेरिकेंत मिडलटाउन येथील वेस्लियन विद्यापीठांत विल्बर ॲटवॉटर यानें माणसांवर हा हिशेब पुरा केला. ॲटवॉटरनें एक बंद खोली बांधविली. तींत माणूस कित्येक दिवस राही, जेवी, निजे, काम करी, आणि त्याच्या शरीरांतून निघणारी सर्व उष्णता मोजली जाई. एक किलो पाण्याचें तपमान सेंटिग्रेडच्या एका अंशानें वाढविणारी उष्णता म्हणजे आहारशास्त्रांतील एक कॅलरी. पिष्ट पदार्थांच्या व प्रथिनांच्या एका ग्रॅमास सुमारें ४ आणि स्निग्ध पदार्थांच्या एका ग्रॅमास सुमारें ९ कॅलरी, हे आज शाळकरी मुलासहि ठाऊक असलेले आंकडे त्याच्याच परिश्रमांचें फळ आहे. शक्ति कोठें नाहींशी होत नाहीं व शून्यांतून निर्माण होत नाहीं, हा पदार्थविज्ञानाचा नियम माणसालाहि लागू आहे, हें येथें निश्चित झालें. पुढें जें कांहीं सांगावयाचें आहे त्यानें या नियमाला कोठेंहि बाध येत नाहीं, हें वाचकांनीं ध्यानांत ठेवावें.

प्रयोगशाळेंतला हा आंकडा सामान्य माणसाच्या ताटापर्यंत नेण्याचें काम लॉस एंजेलिसच्या डॉक्टर लुलू हंट पीटर्स या बाईंनीं केलें. १९१८ मध्यें त्यांचें आहार व आरोग्य या विषयावरील छोटेखानी पुस्तक निघालें आणि पाहतां पाहतां त्याच्या लक्षावधि प्रती खपल्या. बाई स्वतः स्थूल होत्या. त्यांनीं स्वतःचें वजन बरेंच उतरविलें होतें. आणि त्यांची लेखनशैली विनोदी होती. पावाचा तुकडा म्हणूं नका, शंभर कॅलरी पाव म्हणा, अशी त्यांची शिकवण. वजन उतरविणाऱ्यानें दिवसाला १२०० कॅलरींचें बंधन पाळावें, हा त्यांचा आंकडा आजहि घरोघरच्या वह्यांतून जिवंत आहे. पुढें १९५८ मध्यें मॅक्स विश्नोफ्स्की नांवाच्या डॉक्टरानें एक पौंड वजन म्हणजे ३५०० कॅलरी असें समीकरण मांडलें, आणि त्रैराशिक पुरें झालें. रोज ५०० कॅलरी कमी खा, आठवड्यास एक पौंड उतरेल.

त्रैराशिक सुटसुटीत असतें हेंच त्याचें संकट. रोजच्या ५०० कॅलरींनीं आठवड्यास एक पौंड, तर वर्षास ५२ पौंड, आणि तीन वर्षांत १५६ पौंड! म्हणजे दीडशें पौंड वजनाचा मनुष्य नियमानें वागला तर तिसऱ्या वर्षाच्या आंतच समूळ नाहींसा व्हावयास हवा. असें कोणाचें झालेलें नाहीं. या गणितांत जमेची बाजू बदलली तरी खर्चाची बाजू अचल राहते, असें न सांगतां गृहीत धरलेलें आहे. समईंत तेल कमी घातलें तरी ज्योत तेवढीच मोठी राहील, असें समजण्यासारखेंच हें आहे. शरीर मात्र वात आपल्या हातानें खालीं ओढून घेतें.

तेल कमी पडलें असतां शरीर वात कशी ओढून घेतें, याचा एक क्रूर पाठ पीटर्सबाईंच्या चाळीस वर्षें आधीं आमच्याच दख्खनच्या मातीवर गिरविला गेला होता. १८७६ ते १८७८ चा मोठा दुष्काळ मुंबई व मद्रास या दोन्ही इलाख्यांत हाहाकार माजवीत होता. १८७७ च्या जानेवारींत लॉर्ड लिटननें सर रिचर्ड टेंपल यास दुष्काळी कामांची पाहणी करण्यास धाडिलें. खर्च आटोक्यांत ठेवावा, ही वरिष्ठांची इच्छा. टेंपलनें दुष्काळी कामावरील पुरुषाची मजुरी दिवसाला एक पौंड धान्य आणि वर किरकोळ पैसा, इतक्यावर आणून ठेविली. मद्रास इलाख्याचा आरोग्याधिकारी डॉक्टर कॉर्निश यानें याविरुद्ध निकरानें लेखणी चालविली. खडी फोडणारा मजूर एवढ्या अन्नावर काम करतो तेव्हां तो आपलें स्वतःचें शरीरच खात असतो, असा त्याच्या म्हणण्याचा मथितार्थ होता. मुंबई इलाख्यांत तर हजारों मजुरांनीं कामें सोडून दिलीं. पुण्याच्या सार्वजनिक सभेनें त्यांची बाजू सरकारपुढें मांडली. पुढें मद्रास सरकारनें हें प्रमाण वाढविलें, परंतु तोंवर व्हावयाचा तो अनर्थ होऊन चुकला होता.

या एक पौंडाचा आजच्या भाषेंत हिशेब करून पाहावा. एक पौंड म्हणजे ४५४ ग्रॅम. ज्वारीतांदुळासारख्या धान्याच्या शंभर ग्रॅमांत सुमारें ३५० कॅलरी. म्हणजे एकंदर १६०० च्या आसपास. हा आंकडा वाचकांनीं लक्षांत ठेवावा. तो पुन्हां आपल्यापुढें येणार आहे. अशा मजुरीवर मनुष्य एका दिवसांत मरत नाहीं, आठवड्यांतहि मरत नाहीं. तो हळू चालूं लागतो, टोपली अर्धी भरतो, उन्हांतहि त्याला हुडहुडी वाटते. पाहणाऱ्या अंमलदारास तो आळशी वाटतो, किंवा त्याला हें अन्न पुरतें आहे असा भास होतो. वस्तुतः त्याचें शरीर मिळेल तेवढ्यांत दिवस काढण्याची शिकस्त करीत असतें. तगून राहणें आणि पुरेसें असणें या दोन गोष्टी एक नव्हेत. पण त्या वेळीं हें सिद्ध करून दाखविण्यास साधन नव्हतें.

साधन आलें तें पहिल्या महायुद्धाच्या काळांत. बोस्टन येथील कार्नेगी संस्थेच्या पोषणप्रयोगशाळेचा मुख्य फ्रान्सिस बेनेडिक्ट यानें १९१२ मध्यें माल्टाच्या लेव्हान्झिन नांवाच्या गृहस्थाचा ३१ दिवसांचा निर्जळ नव्हे, पण निराहार उपास दिवसागणिक मोजला होता. जसजसे दिवस गेले तसतशी त्या गृहस्थाच्या शरीरांत निर्माण होणारी उष्णता उतरत गेली. युद्धकाळीं अन्नाच्या टंचाईचा प्रश्न उभा राहतांच १९१७ मध्यें बेनेडिक्टनें स्प्रिंगफील्ड येथील एका कॉलेजांतील बारा धट्टयाकट्ट्या तरुणांस अर्धपोटीं ठेवून त्यांचें वजन दहाबारा टक्क्यांनीं उतरविलें. त्यानंतर त्यांचें वजन तेथेंच स्थिर ठेवावयास किती अन्न लागतें हें त्यानें पाहिलें. वजन अष्टमांशाहून कमीच घटलें होतें, पण अन्नाची गरज सुमारें एक तृतीयांशानें उतरली होती! जमेची बाजू घटतांच खर्चाची बाजूहि घटते, आणि ती वजनाच्या मानानें जास्त घटते, हें अंकांत प्रथमच स्पष्ट दिसलें. १९१९ मध्यें हा वृत्तान्त प्रसिद्ध झाला. पण वजन उतरविण्याचीं पुस्तकें वाचणाऱ्यांनीं त्याकडे पाहिलें नाहीं.

मग दुसरें महायुद्ध आलें. १९४३ मध्यें बंगालमध्यें लक्षावधि माणसें अन्नान्न करून मेलीं. युरोपांत शहरेंच्या शहरें उपाशी होतीं. युद्ध संपल्यावर या उपाशी माणसांना पुन्हां सशक्त कसें करावें, हें कोणालाच नीट ठाऊक नव्हतें. अमेरिकेंतील मिनेसोटा विद्यापीठांत फुटबॉलच्या प्रेक्षागाराखालीं ॲन्सेल कीज या शास्त्रज्ञाची प्रयोगशाळा होती. त्यानें १९४४ मध्यें एक पत्रक काढून विचारलें कीं, इतरांना चांगलें अन्न मिळावें म्हणून तुम्ही उपाशी राहाल काय? हें आवाहन होतें धर्मबुद्धीनें शस्त्र हातीं घेण्यास नकार दिलेल्या तरुणांना. क्वेकर, मेनोनाइट, ब्रेदरन अशा शांततावादी पंथांतील पुष्कळांनीं आपण होऊन नांवें दिलीं, आणि त्यांतून ३६ जण निवडले गेले. रणांगणावर न जाणारे भित्रे असतात, असें म्हणणाऱ्यांना या तरुणांनीं दिलेलें उत्तर मुकें होतें, पण लहान नव्हतें.

१९४४ च्या नोव्हेंबरांत प्रयोगास आरंभ झाला. पहिले तीन महिने त्यांना सुमारें ३५०० कॅलरींचा पोटभर आहार देण्यांत आला. १९४५ च्या १२ फेब्रुवारीपासून अर्धोपवास सुरू झाला, तो चोवीस आठवडे चालला. दिवसास दोन जेवणें. तीं पाव, बटाटे, सलगम, कोबी, मॅकरोनी अशा पदार्थांचीं, कारण युद्धग्रस्त युरोपांत तेवढेंच मिळत होतें. शिवाय आठवड्यास २२ मैल चालण्याचें बंधन. या आहाराची सरासरी होती सुमारें १५७० कॅलरी. टेंपलसाहेबाच्या एक पौंड धान्याची आठवण वाचकांस येथें झाल्यावांचून राहणार नाहीं. विसाव्या शतकांतील शास्त्रज्ञानें उपासमार म्हणून जो आंकडा योजिला, जवळजवळ तोच आंकडा एकोणिसाव्या शतकांतील मुत्सद्द्यानें मजुरी म्हणून योजिला होता.

जें घडलें तें कीजनें बारकाईनें टिपून ठेविलें आहे. वजन पहिल्या आठवड्यांत भराभर उतरलें, मग सावकाश, आणि शेवटीं शेवटीं वजनाची रेषा जवळजवळ आडवी झाली. सरासरी ६९ किलोंचे तरुण ५३ किलोंवर आले. हृदयाचे ठोके मिनिटास ५५ होते ते ३५ वर आले. स्वस्थ पडून असतांना शरीर जी शक्ति खर्च करतें तिच्यांत सुमारें ३९ टक्के घट झाली. ऐन उन्हाळ्यांत त्यांना थंडी वाजे. कोणी जिने चढेना. कोणी उगाच हात हलवीना. ज्या शरीराला पूर्वीं ३५०० कॅलरी लागत, तें आतां १६०० च्या आंतच कसाबसा तोल सांभाळूं लागलें. या बचतींत अर्ध्याहून अधिक वांटा हालचाल कमी झाल्याचा होता. माणूस आळशी झाला नव्हता; शरीर कृपण झालें होतें.

तराजू खोटें बोलतो हेंहि येथें दिसलें. उपासमारीनें घोट्यांवर व चेहऱ्यावर सूज येते. मांस आणि चरबी झडत असतां त्यांची जागा कांहीं अंशीं पाणी घेतें. म्हणून आंत क्षय चालू असतांहि कांटा स्तब्ध राहूं शकतो. मनाची दशा त्याहून शोचनीय होती. या सुसंस्कृत तरुणांना अन्नावांचून दुसरें कांहीं सुचेना. ते पाकशास्त्राचीं पुस्तकें गोळा करीत, ताटल्या चाटीत, एक जेवण तास तास लांबवीत. चहाकॉफी आणि चघळण्याचा गोंद यांवर इतके तुटून पडत कीं त्यांवरहि मर्यादा घालावी लागली. कित्येकांनीं चोरून खाल्लें. कांहींना त्यापायीं प्रयोगांतून वगळावें लागलें. ज्यांनीं मानवजातीसाठीं उपाशी राहण्याचें व्रत घेतलें होतें त्यांची ही कथा. मग आपल्या घरांत कोणी रात्रीं शेंगदाण्यांच्या डब्याशीं सांपडलें तर त्याला दुर्बळ म्हणण्याचा अधिकार आपल्याला कितीसा पोहोंचतो?

या प्रयोगानें दुसऱ्या न्यायाधीशाचाहि निकाल लागतो. शरीर काटकसर करतें हें खरें. पण त्या काटकसरीमुळें कोणा तरुणाचें वजन सुदृढ असतांनाच अडून बसलें नाहीं. तें स्थिरावलें तें फासळ्या मोजतां येऊं लागल्यावर. कमी खाल्ल्यानें चरबी वाढते असें असतें तर दुष्काळांत स्थूल माणसें दिसलीं असतीं. याचा सर्वांत दारुण पुरावा वॉर्साच्या घेटोंत नोंदला गेला. १९४२ मध्यें, नाझींनीं कोंडून उपाशी मारण्यास काढलेल्या त्या वस्तींत डॉक्टर मिलेकोव्स्की आणि त्यांचे सहकारी ज्यू डॉक्टर यांनीं, स्वतः अर्धपोटीं असतां, आपल्या रोग्यांच्या क्षुधारोगाचा शास्त्रशुद्ध अभ्यास केला. तेथेंहि नाडी मंद, अंग थंड, चयापचय उतरलेला, अंगावर सूज. परंतु ही सारी काटकसर मृत्यूला लांबवी, टाळीत नसे. त्या डॉक्टरांपैकीं बहुतेक मारले गेले. त्यांचीं हस्तलिखितें घेटोबाहेर पोहोंचविलीं गेलीं म्हणून वांचलीं, आणि १९४६ मध्यें प्रसिद्ध झालीं.

मिनेसोटाच्या तरुणांना पुन्हां पोटभर अन्न मिळूं लागलें तेव्हां आणखी एक गोष्ट कळली. भूक वजनाबरोबर परत फिरली नाहीं. पोट तुडुंब भरलें तरी खा-खा सुटेना, आणि मांस पूर्ववत् होण्याच्या आधींच चरबी पूर्वीच्याहि पुढें गेली. कीजचा दोन खंडांचा बृहद्‌ग्रंथ १९५० मध्यें निघाला. उपाशी युरोपाला त्याचा उपयोग होण्याची घटका तोंवर बरीचशी उलटली होती. परंतु पुढें भरल्या ताटावर बसून उपाशी राहूं पाहणाऱ्या जगाला तोच ग्रंथ आरशासारखा उपयोगी पडला.

आतां पहिल्या न्यायाधीशाकडे वळूं. १९५५ मध्यें मिनेसोटा विद्यापीठांतीलच नेथन लिफसन व त्याचे सहकारी यांनीं, प्राणवायु व उद्‌जन यांचे जड अणु असलेलें पाणी पाजून प्राण्याचा शक्तिव्यय मोजण्याची युक्ति काढली. १९८० नंतर ती माणसांवरहि वापरतां येऊं लागली. माणूस काय सांगतो यावर आतां विसंबावयाचें कारण उरलें नाहीं. १९९२ मध्यें न्यूयॉर्कमधील संशोधकांनीं या युक्तीनें अशीं दहा माणसें तपासलीं कीं, जीं १२०० कॅलरींहून कमी खातों असें सांगत आणि तरीहि ज्यांचें वजन उतरत नव्हतें. त्यांचा चयापचय मंद नव्हता. तो अपेक्षेप्रमाणेंच होता. मात्र त्यांनीं आपलें खाणें सरासरी ४७ टक्क्यांनीं कमी सांगितलें होतें, आणि आपले श्रम ५१ टक्क्यांनीं जास्त.

पहिला न्यायाधीश येथें टाळी वाजवील. पण त्यानें घाई करूं नये. अंदाज चुकणें म्हणजे लबाडी नव्हे. फोडणीतलें तेल, खिचडींतलें कूट, मुलाच्या ताटांत उरलेला घास, पाहुण्याबरोबर घेतलेला अर्धा लाडू, यांची नोंद मन ठेवीत नाहीं. फुलक्यांवर व भातावर मिळून १५ ग्रॅम तूप पडलें तर त्याच्याच १३५ कॅलरी होतात, आणि उपासाच्या दिवशीं साबुदाण्याबरोबर तुपाचा हात अधिकच सैल सुटतो. जो दिवसभर अन्नाशीं झगडतो त्याला आपण फारच थोडें खाल्लें असें वाटतें, कारण तो खाल्लेलें मोजीत नाहीं, न खाल्लेलें मोजतो.

आणि काटकसर तर खरीच आहे. १९९५ मध्यें रॉकफेलर विद्यापीठांत लीबेल, रोझेनबॉम व हर्श यांनीं दाखविलें कीं, वजन दहा टक्क्यांनीं उतरविलेल्या माणसाचा खर्च, शरीर लहान झालें एवढ्यानें जितका घटावा त्याहूनहि अधिक घटतो. एक वर्ष आधीं त्याच विद्यापीठांत जेफ्री फ्रीडमन याच्या प्रयोगशाळेंत लेप्टिन या द्रव्याचा जनुक सांपडला होता. चरबी किती शिल्लक आहे याची वर्दी हें द्रव्य मेंदूला देतें. तें घटलें कीं मेंदू भूक वाढवितो आणि खर्च आवरतो. २०१६ मध्यें केव्हिन हॉल व त्याचे सहकारी यांनीं, अमेरिकेंतील वजन उतरविण्याच्या एका दूरचित्रवाणी स्पर्धेंत उतरलेल्या चौदा जणांना सहा वर्षांनीं पुन्हां तपासलें. त्यांनीं सरासरी ५८ किलो वजन उतरविलें होतें, त्यांपैकीं ४१ किलो परत आलें होतें. आणि तरीहि त्यांच्या शरीराचा विश्रांतीचा खर्च अपेक्षेपेक्षां दिवसाला सुमारें ५०० कॅलरींनीं कमीच होता. शरीर सहा वर्षें कर्ज विसरलें नव्हतें.

तेव्हां अडलेल्या कांट्याचा निकाल असा. पहिल्या पंधरवड्यांत जें झरझर उतरतें त्यांत पाण्याचा वांटा मोठा असतो. पुढें शरीर लहान होतें म्हणून त्याची गरज कमी होते. त्यावर तें थोडी जादा काटकसर करतें. हालचाल नकळत मंदावते. खाण्याचा अंदाज नकळत सैल होतो. आणि मधून मधून अंगांत सांठलेलें पाणी झडलेली चरबी झांकून टाकतें. या पांच गोष्टी एकत्र आल्या कीं कांटा थांबतो. यांत निसर्गनियमाचा भंग नाहीं, आणि बहुधा कोणाची चोरीहि नाहीं. 'जास्त खा, म्हणजे उतरेल' हा उपदेश शास्त्र म्हणून चुकीचा आहे. तथापि अत्यल्प आहार सोडून सोसेल असा मध्यम आहार धरा, एवढाच त्याचा अर्थ घेतला तर तो हितकर आहे. कारण अत्यल्प आहारानें मांस झडतें, हातपाय गळतात, आणि शेवटीं भूक व्याजासह वसुली करते. दिवसाला आठशें कॅलरींच्या आंत राहणें हें तर डॉक्टरांच्या देखरेखीवांचून कोणीहि करूं नये. आणि मोजूनमापून खाऊनहि महिनोन्महिने फरक पडत नसेल, तर घरांत न्यायसभा भरविण्यापेक्षां दवाखान्यांत जाऊन रक्त तपासून घ्यावें. कांहीं रोगांत व औषधांतहि वजन अडतें.

मला या इतिहासांत एक गोष्ट राहून राहून जाणवते. आपण जिला शत्रु समजून शिव्या देतों ती शरीराची कंजुषी ही मुळांत आपली राखणदार आहे. १८७७ सालीं दख्खनच्या रस्त्यांवर एक पौंड धान्यावर खडी फोडणाऱ्यांपैकीं जे पुढचा पावसाळा पाहण्यास उरले, ते हिच्याच बळावर उरले. आणि आपल्यापैकीं कित्येकजण त्यांचेच वंशज आहों. सुगी आली आहे, कोठारें भरलेलीं आहेत, ही बातमी तिला कळविण्याचें साधन आपल्याजवळ नाहीं. तिला उपाशी ठेवून धमकावलें तर ती दुष्काळ पडला असेंच समजते आणि कुलूप अधिक घट्ट लावते. तिच्याशीं वागावयाचें तें सावकाशीनें, वर्षाच्या हिशेबानें, आठवड्याच्या नव्हे.

यापुढें घरांत कोणी तो अडलेला कांटा दाखवून डोळ्यांत पाणी आणील, तेव्हां निदान म्हण तरी ऐकवूं नये. त्याच्या शेजारीं बसून, रागें न भरतां, दिवसभर काय काय पोटांत गेलें याची यादी दोघांनीं मिळून करावी. मिनेसोटाच्या त्या छत्तीस तरुणांनीं आपलें अंग झिजवून जें शिकविलें, त्याचें एवढें चीज आपल्याला सहज करतां येण्यासारखें आहे.